सव्वापाचचा भूकंप

लातूरच्या त्या गल्लीत ड्रम वाजवणाऱ्या माणसाला खोली देणारा एकच घरमालक निघाला, आणि गेली नऊ वर्षं सरदारचं बिऱ्हाड त्याच्याच डोक्यावर होतं. खाली वीरण्णा, वर सरदार.

गल्ली सगळी क्लासची. एका घरावर फिजिक्सची पाटी, दुसऱ्यावर बायोलॉजीची, आणि उरलेल्या घरांतून बीड-परभणीकडची पोरं, एकेका खोलीत चार-चार. मुदखेडहून आलेला सरदार खोली विचारत फिरला, तेव्हा माणसं त्याचं काम कळेपर्यंत हसून बोलायची. "बँडमधी ड्रम? न्हाई भाई. हितं लेकरं डॉक्टर व्हायला आल्यात." वीरण्णांनी मात्र आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "किती माणसं?"

"मी अन् बायको. दोघंच."

"मग वरची खोली घ्या. एकच अट हाय मास्टर. ढोलाचा आवाज माझ्या घरातून भाईर जायचा न्हाई."

सरदारनं ती अट रोजासारखी पाळली. रियाज करायचा तो उशीवर. उशीच्या दोन खोळी फाटल्या, पण आवाज बाहेर गेला नाही. दर ईदला शीरखुर्म्याचं पहिलं पातेलं खाली जायचं, आणि वर यायचं तेव्हा त्यात वीरण्णांच्या बायकोनं, रत्नम्मांनी, काहीतरी भरलेलं असायचं. रिकामं पातेलं परत देणं त्या बाईला ठाऊकच नव्हतं.

पण उशीवर पोसलेला हात वरातीत ढिला पडायला लागला, आणि त्यातच वराती बदलल्या. लोकांना आता बटण दाबलं की दहा तऱ्हेचे आवाज काढणारा इलेक्ट्रॉनिक ड्रम हवा होता. धर्माबादच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं सरदारला आपली जुनी मशीन देऊन टाकली. ही मशीन म्हणजे त्या ड्रमचा मेंदू. ढोलापासून झांजेपर्यंतचे सगळे आवाज तिच्या पोटात. ज्यांच्यावर काठी मारायची ते पॅड मात्र ऑर्केस्ट्रावाल्याकडं कधीच फुटून गेले होते.

"म्हंजे डोकं आणलाव अन् हातपाय तिकडंच ठेवून आलाव," सरदारची बायको हसीना म्हणाली.

"हातपाय आपण करू की."

पॅड ही काही जादू नाही. पितळेची एक पातळ चकती असते, रुपयाच्या नाण्याएवढी. वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डातसुद्धा ती सापडते. तिला धक्का बसला की तिच्यातून चिमूटभर वीज निघते आणि वायरीतून मशीनकडं जाते. मशीन ओळखते, की कुणीतरी मारलं, आणि इतक्या जोरानं मारलं. मग ती आवाज काढते, आणि तो हेडफोनमधून फक्त वाजवणाऱ्याच्या कानात जातो. बाहेर शांत. चकतीला मात्र कोण मारतंय याच्याशी काही देणंघेणं नसतं. काठी असो, बोट असो, खालच्या रस्त्यानं गेलेला ट्रक असो. तिच्या लेखी हादरा तो हादरा.

खरा प्रश्न असतो तो चकतीवर काय बसवायचं हा, आणि त्यावरून त्या एका खोलीत दोन पक्ष पडले. सरदार रबराच्या बाजूचा. वीरण्णांच्या हार्डवेअरच्या दुकानातून प्लायवूडचे तुकडे आले होते. ("काय करून राहिलाव मास्टर?" "मुका ढोल, अण्णा." "बेस! जगात सगळे ढोल असलेच पायजेत.") ते त्यानं गोल कापले, मधे चकती चिकटवली, वर चपलेच्या तळव्याचा स्पंज आणि त्यावर ट्रकच्या ट्यूबचं जाड रबर ताणून बसवलं. मारलं तर काठीला ठोसा लागायचा, मनगटाला कळ यायची, आणि सरदारला बरं वाटायचं.

हसीना ब्लाउज शिवायची. तिनं भरतकामाच्या लाकडी रिंगा काढल्या, मच्छरदाणीची जाळी दुहेरी करून त्यांच्यावर तबल्यासारखी ताणली, रिंग पत्र्याच्या डब्यावर बसवली आणि जाळीखाली स्पंजचा शंकू ठेवून त्याच्या बुडाशी चकती लावली.

"मारून तर बगा."

सरदारनं मारलं. काठी अलगद उडून हातात परत आली. आवाज झाला तो टिचकीएवढा.

"कसं हाय?"

"चांगलं हाय," सरदार म्हणाला, "पन बँडवाल्याचा हात हाय हा. दोन दिवसांत फाटंल. अन् ब्लाउजवालीनं ढोल शिवला म्हणल्यावर लोक काय म्हणतील?"

"लोकांना ऐकायलाच येनार न्हाई की."

तरी निवड रबराचीच झाली. हसीनाचे डबे खिळ्याला टांगले गेले. पहिल्या दिवशी एका पॅडवर मारलं की शेजारचा पॅडही आपण होऊन बोलायचा, कारण दोघंही एकाच लोखंडी नळीवर बसवलेले आणि एकाचा हादरा नळीतून दुसऱ्याच्या चकतीपर्यंत पोचायचा. हादरा कसा वाट काढत जातो हे सरदारला त्या दिवशी नीट कळलं, आणि त्यानं मधे स्पंज घालून तो बंदही केला. एवढं कळलेल्या माणसानं मग पायाच्या पॅडकडंही एकदा बघायला हवं होतं. पायाचा पॅड म्हणजे उभी फळी, तिच्यावर पायडलचा हातोडा बसायचा. ती उभी फळी एका जाड सागवानी पाटावर ठोकलेली, आणि पाट थेट फरशीवर.

वाजवायची वेळ लोडशेडिंगनं ठरवून दिली होती. लाईट संध्याकाळी पाचला यायची. लाईट आली की शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये केमिस्ट्रीच्या सरांचा माईकही सुरू व्हायचा, आणि तीनशे पोरांसाठी सांगितलेली समीकरणं सगळ्या गल्लीनं ऐकायची. सरदारच्या पायाची धपधप त्या माईकखाली कुठल्या कुठं बुडून गेली.

आता खाली काय होतं ते सांगायला हवं. वीरण्णांच्या बैठकीत, बरोबर सरदारच्या पाटाखाली, एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्यावर स्टीलचे सात पेले एकावर एक पालथे रचलेले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तिकडच्या पुष्कळ घरांनी असे पेले रचले होते. जमीन हलली की ते पडतील आणि आपण जागे होऊ, एवढाच हिशेब. वर्ष-दोन वर्षांनी लोकांनी ते उतरवून पाणी प्यायला घेतले. वीरण्णांनी घेतले नाहीत. किल्लारीकडच्या एका गावात त्यांची थोरली बहीण होती, आणि त्या पहाटे तिला जागं करणारं काही नव्हतं. चौदा वर्षं ते पेले रोज पुसून परत रचत होते. चौदा वर्षांत पेले एकदाही पडले नव्हते.

तुळशीची लग्नं लागली त्या आठवड्यात, सोमवारी सव्वापाचला, ते पडले.

"हाललालंय!" वीरण्णा ओरडले. "भाईर! सगळे भाईर!"

रत्नम्मा कणकेचे हात घेऊन "अय्यो देवरे" करत पळाल्या. जिन्यात कपडे वाळत घालणाऱ्या हसीनानं वर झेप घेतली आणि सरदारच्या डोक्यावरचा हेडफोन ओढून काढला. "चला! भूकंप!" सरदार दोन्ही हातांत काठ्या घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरला. केमिस्ट्रीची तीनशे पोरं पत्र्याच्या शेडमधून बाहेर सांडली. त्यांच्यात घाबरलेली थोडी होती; खुशीत असलेली पुष्कळ.

"मास्टर आले का?" गर्दीत वीरण्णा माणसं मोजत होते. "हसीना आली का? आली? मग ठीक हाय. रत्ना कुठं गेली?"

भाडेकरूला आधी मोजून मग बायको शोधणाऱ्या त्या म्हाताऱ्याबरोबर सरदारही काठ्या घेऊनच रत्नम्मांना शोधायला लागला. जमीन तोवर थांबली होती. थांबणारच, हलवणारा रस्त्यावर उभा होता.

"कुणाला जाणवलं का?" वीरण्णांनी विचारलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सरांना जाणवलं नव्हतं. समोरच्या मेसवालीला जाणवलं नव्हतं.

"मला जाणवलं अण्णा," सरदार मनापासून म्हणाला. "पायाखाली चांगलंच हादरलं."

सगळ्या गल्लीत एवढा एकच साक्षीदार, आणि तो बोलला तेही खरंच बोलला.

मंगळवारी पुन्हा पेले पडले. गुरुवारी पडले. शनिवारी तर दोनदा पडले. दर वेळी वीरण्णा ओरडले, दर वेळी सरदार धावत खाली आला, आणि दर वेळी तो खाली आला की धरणी शांत झाली. तिसऱ्या खेपेपासून केमिस्ट्रीची पोरं सव्वापाचला वह्या मिटून भूकंपाची वाट बघायला लागली. सरांनी दाराला आतून कडी लावली. वीरण्णांनी तहसील कचेरीत फोन केला. तिकडचा माणूस सभ्य होता. "आमच्याकडं कसलीच नोंद न्हाई, आजोबा," तो म्हणाला. "तुमी पाणीबिणी प्या."

"माझ्याकडं साक्षीदार हाय," वीरण्णा म्हणाले.

दुकानात ही गोष्ट गिऱ्हाइकांच्या तोंडून कळली, तेव्हा वीरण्णांचा मुलगा संगमेश्वर तरातरा घरी आला. त्याला ती वरची खोली कधीपासून हवी होती. खोली रिकामी झाली की तिथं पोरांची अभ्यासिका काढायची, असं तो दर दिवाळीला म्हणायचा आणि वीरण्णा दर दिवाळीला "मास्टर हाय तिथं" म्हणायचे.

"अण्णा, सगळं गाव हसलालंय! आपल्याच घरात भूकंप होतो का? शेजारी न्हाई, मागं न्हाई?"

"मी लिवून ठेवलंय," वीरण्णांनी वही पुढं केली. "बग. सोमवार सव्वापाच. मंगळवार पाच वीस. बुधवार न्हाई. गुरुवार पाच दहा..."

"बुधवारी दिवसभर लाईट नव्हती! भूकंप काय लोडशेडिंग बगून येतो व्हय? मी सोलापूरच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. मेंदूच्या. मंगळवारी सकाळी. आपन सोमवारी संध्याकाळीच निघायचं."

सरदार पातेलं द्यायला आलेला, तो जिन्यातच थांबला. लाईट. त्यानं मनातल्या मनात वहीची पानं उलटली. बुधवारी लाईट नव्हती, बरोबर. पण शुक्रवारी तर लाईट होती आणि शुक्रवारीही पेले पडले नव्हते. शुक्रवारी काय नव्हतं?

शुक्रवारी तो स्वतः नव्हता. लोह्याला वरातीत वाजवायला गेला होता.

पातेलं तसंच घेऊन तो वर आला. "हसीना, खाली जा. विरजण माग. अन् कपाटाकडं बगत ऱ्हा."

ती खाली गेली. सरदारनं पायडल हळूच दोनदा दाबलं. थोड्या वेळानं हसीना वाटी घेऊन वर आली ती भिंतीला धरूनच बसली. "तुमचा पाय पडला की पेले उड्या मारतात. एकदम ठेक्यात."

"या अल्ला."

"सांगायचं का त्यांना?"

"सांगितलं की खोली जाईल. संगमेश्वर टपूनच बसलाय. अन् अट काय होती? आवाज भाईर जायचा न्हाई."

"आवाज कुठं गेला? घर गेलं भाईर."

त्या रात्रीच्या जेवणाआधीच काम उरकलं. खिळ्यावरचे जाळीचे पॅड उतरले. रबराचे पॅड फोडून त्यांतल्या चकत्या सोडवल्या आणि पायाच्या पॅडलाही जाळीचा चेहरा मिळाला. पाटाखाली स्कूटरच्या दोन जुन्या ट्यूबा अर्धवट हवा भरून ठेवल्या. हादरा त्या ट्यूबांत शिरायचा आणि तिथंच डुलत बसायचा, फरशीपर्यंत उतरायचाच नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सरदार पाऊण तास जीव तोडून वाजवत होता. हसीना खाली गेली, बघून आली. सात पेले, समाधी लावल्यासारखे.

"जाळी फाटली का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"आता काय लिवून देऊ का? चांगली हाय तुझी जाळी." आणि सरदारनं वर बघून हात जोडले. खोली वाचली, अण्णांचा त्रास संपला, ढोलही वाजला. एवढं सगळं एका दिवसात मिळालं की माणसानं शुक्र मानायलाच हवा. पण शुक्र मानायची थोडी घाई झाली.

कारण खाली संगमेश्वर आईला सांगत होता, "बगितलीस का? डॉक्टरचं नाव काढलं अन् भूकंप बंद! म्हंजे पेले कोण पाडत होतं, तूच सांग."

सोमवारी सकाळी वीरण्णा जिना चढून वर आले. नऊ वर्षांत ते कधी वर आले नव्हते. उंबऱ्याशीच पायरीवर बसले.

"मास्टर, खरं सांगा. तुमाला जाणवलं होतं का माझं मन राखायला म्हणलाव?"

"कसम से, जाणवलं होतं अण्णा."

"मग आता कामून हालत न्हाई?" म्हातारा आपल्या हातांकडं बघत होता. "मीच पाडत असंन का हो? पुसताना हात लागत असंल अन् ध्यानात ऱ्हात नसंल. पोरगं म्हणतंय, घराचं सगळं आता त्याच्याकडं द्यावं. मी हाव म्हणलो. चुकणाऱ्या माणसानं कशाला धरून बसायचं?"

घर संगमेश्वरकडं गेलं की खोली त्याच दिवशी गेली, हे सरदारला कळायला हवं होतं; पण त्याला दिसत होते ते फक्त ते हात. याच हातांनी त्याला पहिल्या दिवशी पाणी दिलं होतं.

"अण्णा," तो म्हणाला, "भूकंप मी हाय."

वीरण्णांनी त्याच्याकडं काळजीनं बघितलं. सोलापूरच्या जीपमध्ये आणखी एक जागा आहे का, असा काहीसा विचार त्यांच्या चेहऱ्यावर होता.

सरदारनं सगळं सांगितलं. चकती, रबर, पाट, पाय. मग खालच्या मंडळींना बोलावून पुन्हा सगळं सांगितलं. संगमेश्वर हाताची घडी घालून ऐकत होता. "बरं," तो म्हणाला. "वाजवून दाखवा. आई, तू कपाटापाशी उभी ऱ्हा."

सरदार बसला आणि त्यानं पाय हाणला. जाळी लवली, ट्यूबा डुलल्या, पाट गलबतासारखा हलला. "आई, पडले का?" "न्हाई रे." त्यानं दोन्ही पाय एकदम हाणले. "आता?" "न्हाई, बाबा." सरदार घामानं भिजला. हसीनानं डोळ्यांवर पदर घेतला. इतकी चांगली वस्तू आपण कशाला केली, असं तिला झालं.

"आधी रबराचे होते," सरदार धापा टाकत म्हणाला. "ते मी फोडले. अन् या ट्यूबा..."

"राहू द्या भाई." संगमेश्वर पुढं आला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं सरदारचा हात हातात घेतला. "तुमी लई चांगले माणूस हाव. अण्णाला वाचवायला सोताच्या अंगावर घेतलाव. मी तुमाला वळखलोच न्हवतो."

"किती मोठं मन," रत्नम्मांनी डोळे पुसले. वीरण्णाही हात जोडून खाली गेले. सरदार गुन्हा कबूल करायला निघाला होता आणि सगळ्या घराचा आशीर्वाद घेऊन बसला होता.

जीप सहाला येणार होती. सरदारनं टेबलावर सगळ्या चकत्या ओतल्या. "हसीना, कात्री."

दिवसभर दोघांनी मिळून पायाचा पहिल्यासारखाच वाईट पॅड पुन्हा बनवला. तेच प्लायवूड, तोच स्पंज, तेच रबर, तेच आडदांड खिळे. ट्यूबा काढून पाट फरशीवर नीट टेकवला, तोही बरोबर कपाटाच्या वर. "खराब वस्तू आपन इतकी मन लावून कधी केली न्हवती," हसीना रबर ताणता ताणता म्हणाली.

पाच वाजले. लाईट आली नाही. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. शेजारचा माईकही गप्प. सरदार काठ्या घेऊन मशीनच्या दिव्याकडं बघत बसला होता. खाली जीपचा हॉर्न वाजला. आज ती पंधरा मिनिटं आधीच आली होती. संगमेश्वरचा आवाज आला, "अण्णा, चप्पल घाला."

"आज लाईटच..." सरदार रडवेला झाला.

हसीनानं कपाळावर हात मारला. "अजी, पेल्याला कशाला पायजे लाईट?"

सरदारनं बायकोकडं पाहिलं आणि पाय हाणला.

कानात काहीच वाजलं नाही. वाजलं ते घर. धप्प, धप्प, धडाड धप्प. लोह्याच्या वरातीत नवरदेवाला घोड्यावरून उतरायला लावणारा ठेका. खाली सातही पेले एका दमात कोसळले, फरशीवर घरंगळले, कपाटाची दारं वाजायला लागली. परवा ज्यानं भूकंप लोडशेडिंगला जोडून दाखवला होता, सकाळी ज्यानं सगळी चकतीची गोष्ट शांतपणे ऐकून घेतली होती, त्या संगमेश्वरनं "हाललालंय!" म्हणून जी झेप घेतली ती उंबरा, ओटा, जीप मागं टाकून रस्त्यावर गेली. त्याच्या मागं रत्नम्मा, रत्नम्मांच्या मागं जीपवाला, आणि शेडची कडी उचकटून तीनशे पोरं.

वीरण्णा हलले नाहीत. एका पायात चप्पल घालून ते खुर्चीत बसले होते. पेला हलताना त्यांनी आज पहिल्यांदा नीट बघितला: हलतो, पडतो, आणि त्याला कुणी हात लावलेला नसतो. ते उठले आणि सावकाश जिना चढून वर आले.

सरदारनं पाय थांबवला. "अण्णा, माफ करा."

"थांबू नका, थांबू नका," वीरण्णा खिडकीतून खाली बघत म्हणाले. "तो अजून चौकापतूर गेला न्हाई."

सरदारनं पुन्हा पाय धरला. वीरण्णा खिडकीत उभे राहून बराच वेळ बघत होते. खाली संगमेश्वरच्या छातीशी सोलापूरला न्यायची रिपोर्टांची पिशवी गच्च धरलेली होती. "पळतंय चांगलं," वीरण्णा म्हणाले. मग वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "लई उपकार झाले, मास्टर. मला वाटलं होतं, मी गेलोच."

"उपकार कसले? तुमची अट मोडली मी. सांगा, खोली कधी खाली करू?"

"खोली?" वीरण्णा हसीनानं पुढं सरकवलेल्या स्टुलावर बसले. "तुमी गेलाव तर माझ्या बाजूनं साक्ष कोण देनार? घर माझं हाय, माझं डोकं ठिकाणावर हाय, अन् माझा भाडेकरू तुमी हाव. खाली गेलो की सांगतो सगळ्यांना. पन आधी एक सांगा. हे जे माझं घर हालवलंय तुमी आठवडाभर, ते हाय तरी कसं? मी तर नुसता पळलोय. ऐकलं कधी न्हाई."

तेवढ्यात लाईट आली. मशीनचा दिवा लागला, शेजारी माईक खरखरला, पण समोर ऐकायला कुणी नव्हतं. सरदारनं हेडफोन दोन्ही हातांनी वीरण्णांच्या कानांवर बसवला, त्यांची टोपी जरा मागं सारली, आणि वरातीचा ठेका पहिल्यापासून धरला.

वीरण्णांच्या भुवया वर गेल्या. तोंड उघडं राहिलं. मग डोळे मिटले, आणि मान हळूहळू डुलायला लागली.

"अहो, खाली या!" रस्त्यावरून रत्नम्मा ओरडत होत्या. "अजून हाललालंय! आमचे हे आतच हायत, कुनीतरी आणा हो त्यांना!"

"अण्णा!" संगमेश्वर चौकातून ओरडला. "भाईर या! पळा!"

वीरण्णांना काहीच ऐकू आलं नाही.